पुण्याचं पाणी येतं कुठून, जातं कुठे? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नद्या, ओढे, खाड्या आणि पाणलोट (ज्या भागात पडलेला पाऊस एकाच नदीकडे किंवा ओढ्याकडे येतो तो भाग) यावर प्रश्न मागवले होते, आणि एवढे आले की सगळे घेणं शक्यच नाहीये. सिंहगड रोड आणि बाणेर-बावधन पट्ट्यातून सगळ्यात जास्त आलेत, त्या खालोखाल कोकणात गाव असलेले पण पुण्यात राहणारे वाचक. काही जणांनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून मग कुणाचंच छापलेलं नाही, फक्त भाग दिलाय.

प्रश्न (कर्वेनगर): मे महिन्यात आम्ही रेवदंड्याला गेलो होतो. सकाळी साळावच्या पुलावर थांबलो तर खाडीचं पाणी चक्क आत, डोंगराच्या बाजूला चाललं होतं, आणि दुपारी परत येताना तेच पाणी समुद्राकडे. आमची नऊ वर्षांची लेक विचारते की नदी उलटी कशी वाहते, आणि आपल्या पुण्याचं पाणी इथे येतं का? दुसरा प्रश्न ऐकून सगळे हसले, पण खरं सांगायचं तर उत्तर कुणालाच आलं नाही.

उत्तर: ताई, हसण्यासारखा प्रश्न नाहीच तो, उलट या वेळी आलेल्या सगळ्या प्रश्नांत मला तोच सगळ्यात आवडलाय. पण आधी पहिला घेऊ.

नदी समुद्राजवळ आली की तिचा उतार जवळजवळ संपतो आणि तिचा तळ समुद्राच्या पातळीच्याही खाली जातो. त्यामुळे भरतीला समुद्राची पातळी वर आली की पाणी सरळ आत ढकललं जातं, कित्येक किलोमीटर, आणि ओहोटीला परत बाहेर पडतं. एक भरती ते पुढची भरती यात साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून रोज भरतीची वेळ जवळपास पाऊण तासाने पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव याचं गणित तिथीवरून तोंडी करतात: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जे येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास, आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते हे मात्र धरायचं. पुढच्या वेळी जाताना लेकीला कॅलेंडर बघून वेळ काढायला सांगा आणि पुलावर उभं राहून तपासू द्या, असं शिकलेलं विसरत नाही मूल.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती असते, मुंबईच्या किनाऱ्याला ती पाच मीटरच्या जवळपास जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी. खाडीच्या काठावरचं सगळं आयुष्य या दोन टोकांमध्ये बसवलेलं असतं. गोडं पाणी हलकं असतं म्हणून ते वर राहतं आणि खारं पाणी खालून आत सरकतं. पावसाळ्यात नदीचा जोर असतो तेव्हा खारं पाणी पार मुखापाशी ढकललं जातं आणि एप्रिल-मेमध्ये नदी आटली की ते खूप आत येतं, काठाजवळच्या विहिरींचं पाणी तेव्हाच मचूळ लागायला लागतं. आणि तो चिखल, जो बघून पुण्याची मुलं नाक मुरडतात, तो तिथेच का साचतो तर नदीतून आलेले मातीचे अगदी बारीक कण गोड्या पाण्यात एकमेकांपासून लांब राहतात, खाऱ्या पाण्यात आले की एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. त्याच चिखलात तिवरं (खारफुटीची झाडं) उभी राहतात, कालवं-शिवल्या वाढतात, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे बिळं करतात. जिताडा मासा तर वाढतो गोड्या-मचूळ पाण्यात आणि अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे जातो, मोठा होईपर्यंत नर असतो आणि मग मादी होतो. म्हणजे नदी आणि समुद्र यांच्या मधला रस्ता बंद झाला तर जिताडा संपलाच.

आता लेकीचा दुसरा प्रश्न. पुण्यात मुळा आणि मुठेच्या संगमावरून जे पाणी पुढे जातं ते रेवदंड्याला जात नाही. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा उजनीत, तिथून पंढरपूर, मग कर्नाटकात रायचूरकडे कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात हंसलादीवीजवळ बंगालच्या उपसागराला. म्हणजे अरबी समुद्र पुण्याहून तीन-चार तासांच्या ड्राइव्हवर आणि आपलं पाणी जातं देशाच्या पार दुसऱ्या किनाऱ्याला. सह्याद्रीचा माथा हा तो दुभाजक. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेला येते, आणि तिथून फार लांब नाही अशा राजमाचीच्या डोंगरातून निघणारी उल्हास पश्चिमेला वसईच्या खाडीला जाते.

पण हा दुभाजक माणसाने ओलांडलाय! मुळशीचं धरण आहे मुळा नदीवर, म्हणजे नकाशाप्रमाणे ते पाणी आपल्या पुण्यातून जायला हवं. मात्र ते धरणातून बोगद्याने सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेतात, पाचशे मीटरहून जास्त खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात, वीज झाली की ते पाणी कुंडलिका नदीत पडतं. कोलाडला लोक सकाळी राफ्टिंग करतात ना, ते याच सोडलेल्या पाण्यावर. मग रोहा, आणि मग रेवदंडा-कोर्लईच्या मधून समुद्र. म्हणजे तुमच्या लेकीने साळावच्या पुलावरून जे पाणी पाहिलं त्यात मुळशी तालुक्यात पडलेला पाऊस होता, मे महिन्यात तर नदीतून येणाऱ्या गोड्या पाण्यात मोठा वाटा त्याचाच. तिला नक्की सांगा.

एकटी मुळशीच नाही. लोणावळा, वळवण, शिरोता या धरणांचं पाणी खोपोलीला उतरून पाताळगंगेत आणि पुढे धरमतरच्या खाडीकडे जातं, ठोकरवाडीचं भिवपुरीवरून उल्हासला. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा पाणी तंटा लवादाने भीमा खोऱ्यातून असं पश्चिमेला वळवायला धरलेला आकडा 42.6 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आहे. खडकवासला साखळीची चारही धरणं, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, मिळून होतात 29.15 टीएमसी. तुलना तुम्हीच करा. मुळशीत गावं बुडाली तेव्हा 1921 ला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता, धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी तो एक. पुण्यात त्याची आठवण आज फार कमी जणांना आहे याचं वाईट वाटतं.

प्रश्न (सिंहगड रोड): आमची सोसायटी नदीपासून दीड-दोनशे मीटरवर आहे. फ्लॅट घेताना पुराचं कुणी काही बोललं नव्हतं. मागे एकदा रात्री आमच्याकडचा पाऊस थांबला होता तरी पार्किंगमधलं पाणी वाढतच होतं. हे कसं काय? आणि निळी रेषा, लाल रेषा म्हणतात ती नक्की काय असते?

उत्तर: काका, तुमच्या घरातला पाऊस आणि तुमच्या नदीतला पाऊस हे दोन वेगळे पाऊस आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पडतो. टेमघर, पानशेतच्या वर, दासवेच्या घाटमाथ्यावर कित्येक हजार मिलिमीटर पडतो. तुमच्या दारातून वाहणारी मुठा ही त्या डोंगरातल्या पावसाची आहे, तिथला पाऊस ओढ्यांतून आंबी, मोसे आणि मुठेत येतो, त्या तिन्ही नद्यांवर धरणं आहेत, आणि सगळ्यांच्या खाली, शहराच्या तोंडाशी, खडकवासला.

आता गोम इथे आहे. पानशेत 10.65 टीएमसीचं, वरसगाव 12.82 चं, आणि खडकवासला फक्त 1.97 चं. जुलैत वरची धरणं भरत आली की वरून सुटणारं पाणी, आणि धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटात पडणारा पाऊस, हे सगळं त्या छोट्या खडकवासल्यात येऊन पडतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. 35 हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास 10 लाख लिटर, दहा हजार लिटरचे 100 टँकर दर सेकंदाला रिकामे होताहेत असं समजा. एवढ्या वेगाने पाणी आत येत असेल तर पूर्ण रिकामं खडकवासलाही 16 तासांत भरेल. म्हणून पाणी सोडावंच लागतं, धरून ठेवायला जागाच नसते. 25 जुलै 2024 ला पहाटे साधारण इतकाच विसर्ग होता आणि एकता नगरी, विठ्ठलवाडी भागात घरांत पाणी शिरलं, त्या दिवशी तर शहरातही जोरदार पाऊस होता म्हणजे दोन्ही बाजूंनी मार बसला. तुमच्या वेळी शहरातला थांबलेला, घाटातला चालू. शिवाय नदी फुगली की सोसायटीच्या ड्रेनेजचं आणि पावसाळी लाइनचं तोंड पाण्याखाली जातं, मग पाणी बाहेर जायचं सोडून त्याच पाइपमधून आत येतं, पार्किंगमध्ये बऱ्याचदा पहिलं पाणी असंच येतं, गेटमधून नाही. चेंबरवर एकाच दिशेने उघडणारी झडप बसवून घेता येते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो विषय नक्की काढा, खर्च फार नाही.

रेषांचं असं आहे. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचेल ती निळी पूररेषा, 100 वर्षांतून एकदा येणारा जिथपर्यंत पोचेल ती लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी. पण "25 वर्षांतून एकदा" याचा अर्थ आत्ता येऊन गेला म्हणजे आता 24 वर्षं निवांत असा अजिबात नाही हो. दर वर्षी 4 टक्के शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. 20 वर्षांचं होम लोन असेल तर त्या काळात निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता 56 टक्के निघते, म्हणजे निम्म्याहून जास्त. लाल रेषेसाठी हाच हिशोब 18 टक्के. फ्लॅटच्या ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल दाखवतात, ही टक्केवारी दाखवत नाहीत, आणि माझ्या मते ती कायद्याने दाखवायला लावली पाहिजे. नदीकाठी घर घेणाऱ्या प्रत्येकाने विकास आराखड्याच्या नकाशावर पूररेषा कुठे आहे ते स्वतः बघावं, आणि मग शेजारच्या जुन्या वस्तीत जाऊन म्हाताऱ्या माणसांना पाणी कुठपर्यंत यायचं ते विचारावं. नकाशा एका वर्षी काढलेला असतो, त्यानंतर पात्रात भराव पडतात, पूल होतात, पाण्याची जागा कमी होते आणि तेवढंच पाणी जास्त उंच चढतं.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हाच्या खुणा अजून पेठांमधल्या काही भिंतींवर दाखवतात. तो धरणफुटीचा पूर होता, त्याची तुलना नेहमीच्या पुराशी करू नये. पण पाणी कुठल्या गल्लीतून कसं घुसतं हे शिकायला त्या खुणा बघाच.

प्रश्न (येरवडा, कॉलेजची विद्यार्थिनी): नदी एवढी घाण आहे तरी बंडगार्डनच्या पुढे इतके पक्षी कसे? म्हणजे नदी तितकी वाईट नाहीये का?

उत्तर: आहे, वाईटच आहे. नीट बघ कोणते पक्षी आहेत ते. लाल लांब पायांचे शेकाटे शेकड्याने दिसतील, कारण मैल्याच्या गाळात डासासारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या भरपूर असतात, त्या अळ्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं म्हणून जवळपास ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातही त्या जगतात, आणि शेकाट्यांना आयतं जेवण मिळतं. मासे पकडून खाणारे आणि स्वच्छ वाळूवर अंडी घालणारे पक्षी, जसं की नदी सुरय, त्यांची मोजदाद कर, मग उत्तर मिळेल. आंघोळीलायक पाण्यात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन लागतो, शहरातल्या पट्ट्यात उन्हाळ्यात तेवढा मिळत नाही. पक्ष्यांची संख्या नाही, जाती बघायच्या.

प्रश्न (बावधन): सोसायटीची बोअर 300 फुटांवर होती, आटली, आता कमिटी 600 फूट मारायची म्हणतेय. रामनदी शेजारून जाते तरी पाणी का नाही?

उत्तर: कमिटीला थोडं थांबवा. आपल्याकडे खाली बेसॉल्ट आहे, लाव्हाचे थरावर थर. त्यात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि मधल्या फटींमध्ये, खाली जाल तसा दगड अजून घट्ट. त्यामुळे खोल म्हणजे जास्त पाणी हे आपल्या भागात बऱ्याचदा खरं ठरत नाही. 600 फुटांवर लागलंच तरी ते फार जुनं साठलेलं पाणी असू शकतं, आणि ते उपसलं की परत भरायला खूप काळ जातो.

आणि रामनदी शेजारून जाते म्हणून बोअरला पाणी हा हिशोब चुकतो, कारण बऱ्याचदा उलट असतं: जमिनीतलं पाणी झिरपून नदीला येतं म्हणून नदी पावसाळ्यानंतरही वाहते. रामनदी खाटपेवाडी, भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण करत बाणेरला मुळेला मिळते, आणि या सगळ्या पट्ट्यातल्या टेकड्यांच्या उतारांवर मुरलेलं पाणीच तिला आणि तुमच्या बोअरला भरतं. उतारावर काँक्रीट झालं, पाणी मुरायच्या ऐवजी अर्ध्या तासात गटारातून नदीत गेलं, तर पावसाळ्यात पूर आणि फेब्रुवारीत टँकर, दोन्ही एकाच कारणाने. टेकड्या वाचवा म्हणून लोक ओरडतात ते फक्त सकाळच्या फिरण्यासाठी नाही!

करायचं काय तर: तुमचं छत 500 चौरस मीटर असेल आणि 700 मिलिमीटर पावसातलं 80 टक्के पकडलं तर वर्षाला 2 लाख 80 हजार लिटर होतात. ते फिल्टर करून जुन्या बोअरच्या शेजारी शोषखड्ड्यात सोडा. पार्किंगचं पाणी मात्र बोअरमध्ये थेट अजिबात सोडू नका, त्यात ऑइल आणि काय काय असतं, एकदा खालचं पाणी नासलं की ते साफ करणं फार अवघड असतं. आणि आजूबाजूच्या चार-पाच सोसायट्या मिळून एखाद्या भूजल जाणकाराकडून थर तपासून घ्या, कारण खाली पाणी एकच असतं, कंपाउंड वॉल फक्त वर असते.

प्रश्न (धायरी, मूळ गाव पेण तालुका): गावी खाडीला लागून आमची खार जमीन, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेलं शेत, आहे. दोन वर्षांपूर्वी उधाणात बांध फुटला, तेव्हापासून भात नाही, आणि आता तिवरं उगवलीत. धाकटा भाऊ म्हणतो जेसीबी लावून तिवरं काढू, चुलते म्हणतात विकून टाका. काय करावं?

उत्तर: दादा, पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, जेसीबी लावू नका. जमीन स्वतःची असली तरी तिवरं-कांदळ तोडता येत नाहीत, उच्च न्यायालयाने 2005 आणि पुन्हा 2018 ला कांदळवन तोडायला राज्यभर मनाई केलेली आहे, गुन्हा दाखल होतो. भावाला हे आज सांगा.

बांध फुटून भरतीचं पाणी रोज आत-बाहेर करायला लागलं की तिवराच्या बिया त्यासोबत येतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत मूळ धरतात. म्हणून खार जमिनीत बांध फुटला की त्याच वर्षी बुजवायचा, हे जुनी माणसं जिवावर उदार होऊन करायची, रात्री उधाणात अख्खा गाव मातीच्या पाट्या घेऊन बांधावर असायचा. आता माणसं पुण्या-मुंबईला आणि बांधावर कुणीच नाही, तुमच्या एकट्याचं नाही हे दुखणं, अख्ख्या रायगडच्या किनाऱ्याचं आहे. उघाडीची, म्हणजे शेतातलं पाणी बाहेर सोडायला बांधात ठेवलेल्या वाटेची, दारं सडली तरी हेच होतं, पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं.

अजून जिथे तिवरं आलेली नाहीत तो भाग वेगळा मोजून घ्या. तुमचा बांध सरकारी खारभूमी योजनेत आहे की खाजगी ते तलाठ्याकडे आणि खारभूमी विभागाकडे विचारा, योजनेत असेल तर दुरुस्तीचा अर्ज सगळ्या खातेदारांनी मिळून करा, एकट्याच्या अर्जाला वजन येत नाही. बांध झाला की लगेच भात लावू नका, एक-दोन पावसाळ्यांचं गोडं पाणी शेतात साठवून उघाडीतून बाहेर सोडा, मीठ तसंच धुऊन निघतं. नंतर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या खारं सहन करणाऱ्या पनवेल 1, 2, 3 या भाताच्या जाती आहेत, त्यातली तुमच्या जमिनीला कुठली चालेल ते तिथेच विचारा.

आणि ज्या तुकड्यात तिवरं पक्की झालीत तिथे ती राहू द्या. बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवरांचा पट्टा असेल तर लाटेचा जोर बांधावर पोचायच्या आधीच मोडतो, म्हणजे ती तुमच्याच बांधाची राखण आहे. चिंबोऱ्या आणि कोळंबीची पिल्लं त्यांच्याच मुळांत वाढतात. राज्य सरकारच्या कांदळवन कक्षाकडून तिवरांच्या आसऱ्याने खेकडे, कालवं पाळायच्या योजना येतात, गावातल्या बचत गटाला विचारून बघा. विकायचा निर्णय तुमचा, मी कसा देऊ, पण बांध फुटलेल्या अवस्थेत विकली तर मातीमोल जाईल हे चुलत्यांना सांगा.

प्रश्न (डेक्कन): नदीकाठ सुधार प्रकल्प चांगला की वाईट, एका शब्दात सांगा.

उत्तर: एका शब्दात नाही सांगता येणार, पण मत लपवतही नाही. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे 44 किलोमीटरचे काठ त्यात आहेत. लोकांना नदीजवळ जाता यावं ही इच्छा बरोबर आहे, आज बहुतेक पुणेकर नदी फक्त पुलावरून, नाक दाबून बघतात. पण क्रम चुकतोय असं मला मनापासून वाटतं. उन्हाळ्यात खडकवासल्याच्या खाली नदीत जे वाहतं ते मुख्यतः आपलं सांडपाणी. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून 11 सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचं काम आहे, ते आधी पूर्ण होऊन प्रत्येक नाल्याचं पाणी स्वच्छ होऊनच नदीत पडू दे, मग काठ सजवा. काठ बांधताना पात्र अरुंद झालं तर वरच्या सिंहगड रोडच्या काकांचा प्रश्न परत येतो. काठावरची जुनी झाडं, करंज, उंबर, वाळुंज, यांची मुळं माती धरतात आणि त्यांच्या सावलीत पाणी थंड राहतं, ती काढून लावलेल्या लॉनने ते होत नाही.

आणि हे पाणी पुण्यातच संपत नाही ना. खाली उजनी आहे, सोलापूर शहर ते पितं, पंढरपूरला वारकरी चंद्रभागेत आंघोळ करतात ती हीच भीमा. जलपर्णीबद्दल ज्या चार-पाच वाचकांनी विचारलंय त्यांनाही हेच उत्तर: दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती आपल्या मैल्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते, मशीन लावून काढली तरी खाणं चालू असेपर्यंत परत येणारच.

प्रश्न (चिंचवड): पीओपीची मूर्ती घरी बादलीत विरघळते का?

उत्तर: नुसत्या पाण्यात नाही. अमोनियम बायकार्बोनेट टाकलं तर विरघळते, ही पद्धत आपल्याच पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिलेली आहे. खाली कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीसारखा गाळ बसतो, वरचं अमोनियम सल्फेटचं पाणी पातळ करून झाडांना चालतं. रंग मात्र आधी बघा. शाडूची आणली तर हे काहीच करावं लागत नाही.

प्रश्न (धनकवडी, इयत्ता आठवी): मला शाळेच्या प्रोजेक्टसाठी आंबील ओढ्याचा पाणलोट नकाशा करायचाय. कसा करू? बाबा म्हणतात तो नाला आहे, त्याचा कसला नकाशा.

उत्तर: बाबांना सांग की याच ओढ्याच्या वरच्या अंगाला, कात्रजला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात तलाव बांधून नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं होतं, अख्ख्या पेठा त्यावर प्यायच्या. आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री या ओढ्याने काय केलं ते त्यांना आठवत असेलच, माणसं गेली, गाड्या वाहून गेल्या. ज्याचं पाणी कात्रजच्या डोंगरातून येतं त्याला नाला समजून भिंतींत कोंबलं की असंच होणार.

आता नकाशा. मोबाइलच्या मॅपवर टेरेन लेयर चालू कर, उंचीच्या रेषा दिसतील. दांडेकर पुलापासून सुरुवात करून ओढा उलटा वर शोधत जा, कात्रजपर्यंत. मग दोन्ही बाजूंच्या टेकड्यांच्या माथ्यावरून एक रेघ ओढ, अशी की तिच्या आत पडलेला थेंब आंबील ओढ्याकडे येईल आणि बाहेर पडलेला दुसरीकडे जाईल. ती रेघ बंद झाली की आतला सगळा भाग म्हणजे पाणलोट. तुझं घर आत येतं का ते खूण कर, शाळा येते का ते पण. नंतर एका रविवारी आई-बाबांसोबत प्रत्यक्ष जा आणि जिथे ओढा पाइपमध्ये गायब होतो, जिथे भिंत पडलीये, जिथे भराव टाकलाय, जिथे अजून झाडं आहेत, त्या जागा वेगवेगळ्या रंगांनी भर. ओढ्याकाठच्या वस्तीतल्या लोकांना 2019 चं पाणी कुठपर्यंत आलं होतं विचार आणि त्या जागा निळ्या पेन्सिलने जोड.

हे सगळं पाऊस नसताना करायचं. कात्रजच्या बाजूला आभाळ काळं दिसलं तर तुझ्याकडे ऊन असलं तरी ओढ्यात उतरायचं नाही. नकाशा झाला की फोटो काढून पाठव, पुढच्या अंकात छापू.